निसेन की टूपे? जळजळीच्या ऑपरेशनच्या दोन तऱ्हा

नाशिकमध्ये राहून मिसळ सोडायची, हे सांगणं सोपं. आमचे काका रात्री तीन उशा घेऊन झोपायचे, तरी आंबट पाणी घशाशी यायचंच. गोळ्यांना कंटाळले, तेव्हा ऑपरेशनचा विषय निघाला.

दोन्ही पद्धतींत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात, हल्ली बहुधा दुर्बिणीतून. रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ साली मांडलेल्या पद्धतीत पूर्ण ३६० अंशांचा वेढा, गळ्याला मफलर गुंडाळावा तसा. आम्ल अडतं, पण कधीकधी ढेकरही अडतो. पोट फुगतं, सुरुवातीला पोळीचा घास छातीत अडकल्यासारखा वाटतो. टूपेमध्ये (१९६३) मागून साधारण २७० अंश, पुढची बाजू मोकळी. गिळणं आणि ढेकर दोन्ही सोपं, आणि जळजळीवरचा ताबा बहुतेक तुलनांत निसेनच्या तोडीचा.

अन्ननलिकेची हालचाल मंद असेल तर बरेच सर्जन टूपेकडे झुकतात. म्हणून आधी मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेच्या हालचालीची तपासणी. त्यासाठी नाकातून बारीक नळी घालतात. काकांनी त्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं.

मला विचाराल तर टूपे. ढेकर आल्याशिवाय काकांना जेवल्यासारखंच वाटत नाही.