बेकारी भत्त्याचा अर्ज: पोर्टलला दोन तारे, खिडकीवरच्या बाईंना पाच

पाठीच्या ऑपरेशननंतर चौदा महिने बिनपगारी रजा, आणि परतले तर जागाच गेलेली. ऑनलाइन अर्जात मी नोकरी सुटल्याची तारीख टाकली. भत्ता अलीकडच्या पगारावर ठरतो. माझ्या हिशेबात चक्क शून्य आलं. अर्ज नामंजूर! हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं नुसतं संगीत. शेवटी कार्यालय गाठलं. खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळून विचारलं, "रजेचं पत्र कुठंय?" ते जोडलं की आजारपणाआधीचा पगार धरता येतो म्हणे. शिवाय आता कामाला फिट असल्याचा डॉक्टरांचा दाखला हवाच. एवढं फॉर्मवर लिहायला काय जात होतं? अपिलाची मुदत नामंजुरीच्या पत्रामागे, बारीक अक्षरांत. माझे चारच दिवस उरले होते.