पालिकेचा परवाना, पीडब्ल्यूडी की महारेरा: सिव्हिलवाल्याने आधी कुठली नोंदणी करावी?

सिव्हिलचा डिप्लोमा नाहीतर डिग्री, दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या साइटवर काढलेली, आणि आता स्वतःच्या नावावर काम करायचंय. अशा मुलाला घरीदारी तीन सल्ले मिळतात. मामा म्हणतो, पीडब्ल्यूडीचं, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचं, कंत्राटदार म्हणून रजिस्ट्रेशन काढ. मित्र म्हणतो, पालिकेचा परवाना घे, नकाशे मंजूर करून दे. आणि ज्याची वडिलोपार्जित जागा पडून आहे तो म्हणतो, चल, पार्टनरशिपमध्ये बिल्डिंग टाकू, म्हणजे महारेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) आलं. तिन्ही ठिकाणी शब्द एकच, ‘रजिस्ट्रेशन’. पण अडकतं ते दर ठिकाणी वेगळं.

मी सुरुवात पीडब्ल्यूडीपासून केली. पुन्हा करायची वेळ आली तर तिथून करणार नाही.

सरकारी नोंदणीत कंत्राटदारांचे वर्ग असतात आणि वर्गागणिक कामाच्या रकमेची मर्यादा ठरलेली असते. ऐपतीचा दाखला, आयकराची विवरणपत्रं, केलेल्या कामांचे दाखले, मशिनरी यावर तुमचा वर्ग ठरतो. नव्या पोराकडे यातलं काहीच नसतं. त्यासाठी ‘सु.बे.’ म्हणजे सुशिक्षित बेरोजगार अभियंता ही वाट आहे. मजूर सहकारी संस्था आणि खुले कंत्राटदार यांच्याबरोबर सु.बे. अभियंत्यांचाही छोट्या कामांत वाटा राखलेला असतो, आणि ती कामं कामवाटप समितीकडून मिळतात. पात्र असाल तर ही वाट सोडू नका. मोठ्या कामांसाठी मग डिजिटल सही आणि महाटेंडर्स, म्हणजे राज्याचं ऑनलाइन निविदांचं पोर्टल, आलंच.

इथवर फक्त कागद झाले. खरा प्रश्न बिलाचा. समजा जीएसटी सोडून २० लाखांचं बिल एमबीत, म्हणजे खात्याच्या मोजमाप वहीत, चढलं. एकट्याच्या मालकीची फर्म असेल तर १ टक्का आयकर टीडीएस (बिलातूनच कापला जाणारा कर), म्हणजे २० हजार. कंत्राट अडीच लाखांवरचं असल्याने जीएसटीचा टीडीएस २ टक्के, म्हणजे ४० हजार. कामगार उपकर १ टक्का, आणखी २० हजार. झाले ८० हजार. शिवाय निविदेत लिहिलेली सुरक्षा अनामत, जी दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष तुम्हीच दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत सुटत नाही. टीडीएस पुढे वळता होतो हे खरं, पण सिमेंटवाला आज दारात उभा असतो. त्यात १८ टक्के जीएसटीचा इनव्हॉइस घाईने काढून ठेवला आणि खात्याकडे निधी आला नाही, तर तो करही आधी खिशातून भरायचा. माझं पहिलं बिल अकरा महिने ‘निधी नाही’ या दोन शब्दांवर बसून होतं. २०२५ मध्ये राज्यभरातले कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर आले, तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. वर्षभर कळ काढता येईल एवढं भांडवल हाताशी नसेल, तर या नोंदणीची घाई करू नये.

महारेराचं उलटं आहे. तिथे नोंदणी तुमची नाही, प्रकल्पाची होते. दर प्रकल्पाला नवी. रेरा कायदा २०१६ चा, आणि महाराष्ट्रात महारेरा सुरू झालं १ मे २०१७ ला. कुणाला नोंदणी लागते याबद्दल मात्र अजून गोंधळ आहे. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, यातलं कुठलंही एक असलं तरी सूट मिळते. दोन्ही असावं लागतं असं लोक धरून चालतात, ते चूक. ४५० चौरस मीटरवर बारा फ्लॅट केलेत तरी नोंदणी लागत नाही.

आता गंमत बघा. आपल्याकडे जागा गुंठ्यात मोजतात, आणि पाच गुंठे म्हणजे जवळपास ५०६ चौरस मीटर. त्या सहा चौरस मीटरांपायी नववा फ्लॅट काढला की प्रकल्प नोंदणीत येतो. ‘आधी आठ, मग पुढच्या फेजला आठ’ ही युक्तीही चालत नाही, कारण सगळे टप्पे मिळून मोजतात. नोंदणीशिवाय जाहिरात किंवा बुकिंग केलं तर दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जातो.

नोंदणी झाली की ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात राहतात. ते फक्त जमीन आणि बांधकामासाठी, तेही आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांच्या दाखल्यांवर, झालेल्या कामाच्या प्रमाणात काढता येतात. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ताबा दिल्यावर बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षं. म्हणजे बुकिंगच्या पैशातून दुसरी जागा घेण्याचा जुना धंदा इथे बसत नाही. जागा आणि सुरुवातीचं बांधकाम स्वतःच्या पैशाने होत असेल तरच यात पडावं. सावंतवाडीचा बिल्डर पेडण्यात बांधणार असेल तर महारेराचा उपयोग नाही. गोवा रेराकडे वेगळी नोंदणी.

राहिला पालिकेचा परवाना. भांडवल सगळ्यात कमी, आणि म्हणून लोक त्याला हलका समजतात. मुंबई वगळता बहुतेक ठिकाणी २०२० ची एकात्मिक बांधकाम नियमावली लागू आहे. अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सुपरवायझर यांची पात्रता तीत दिली आहे. डिप्लोमावाल्याला परवाना मिळतो, पण प्लॉट आणि मजल्यांची मर्यादा घालून. पहिलं काम बहुधा ओळखीतल्या कुणाच्या घराचं. जोत्यापर्यंत काम आलं की दाखला तुम्ही द्यायचा, आणि बाजूच्या हद्दीपासून सोडायचं अंतर दीड मीटरऐवजी सव्वा मीटर निघालं तर जाब तुम्हालाच विचारतात, मालकाला नंतर. सहीचे पैसे घेऊन साइटवर न जाणारे आहेत. तसं करू नका.

पाटीवर ‘आर्किटेक्ट’ लिहायचा मोह टाळा. १९७२ च्या कायद्यानुसार ते नाव कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदलेल्यांचंच. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं की कायदा त्या नावाला संरक्षण देतो, नकाशे करण्याच्या कामावर बंदी घालत नाही. तेव्हा ‘सिव्हिल इंजिनिअर’ लिहून बिनघोर काम करा.

माझं मत विचाराल तर आधी परवाना. दोन-तीन वर्षांत गिऱ्हाईक, लोखंडवाला, सेंट्रिंगवाला सगळे ओळखीचे होतात, मग सु.बे., आणि बिल्डिंग सगळ्यात शेवटी. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारची नोंदणी, फुकट होते, एजंटाला हजार-दोन हजार देऊ नका. मात्र तिच्यामुळे बांधकामाच्या निविदेत बयाणा (निविदेसोबत भरायची अनामत) माफ होईल, असं धरून बसू नका.

फर्म कुठली, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. भागीदारी केलीत तर ती रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदवा. १९३२ च्या कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या थकबाकीसाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. आणि कामाचा दाखला ज्या नावावर निघतो, निविदेत अनुभव त्याच नावाचा धरतात. माझे पहिले चार दाखले धाकट्या भावाच्या फर्मवर आहेत, आणि तो आता पुण्यात हार्डवेअरचं दुकान चालवतो.