झेडपीचं हायस्कूल: मुलीची आठवी आणि अर्धी नववी झाल्यावर

सातवीनंतर मुलीला तालुक्याच्या इंग्रजी शाळेतून काढलं आणि शेजारच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या हायस्कूलला घातलं. आता तिची आठवी होऊन नववीची सहामाहीही झाली. तेव्हा "डोकं फिरलंय का तुमचं" म्हणणारेच आता आडून आडून चौकशी करतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी निकाल सांगते. ही शाळा गणिताला उत्तम आहे, विज्ञानाला बरी आहे आणि इंग्रजीला जवळजवळ नाहीच. हे सगळं एकाच वर्गात, एकाच फळ्यासमोर. गणिताचं पद भरलेलं आहे आणि इंग्रजीचं रिकामं, एवढंच त्याचं कारण. त्यामुळे झेडपीच्या शाळेला कुणी सरसकट नावं ठेवायला लागलं किंवा सरसकट कौतुक करायला लागलं, की मी विचारते: कुठल्या विषयाला सर आहेत आणि कुठल्या विषयाला नाहीत, ते सांगा. बाकीचं नंतर बोलू.

पश्चिम महाराष्ट्रात गावोगावी हायस्कूल असतं ते बहुतेक एखाद्या शिक्षणसंस्थेचं, अनुदानित. आमच्या मराठवाड्यात आणि तिकडे विदर्भात जिल्हा परिषदेची हायस्कूलं बरीच आहेत. शिक्षकाची बदली जिल्ह्याच्या ठिकाणाहून होते, खोलीच्या दुरुस्तीचा पैसाही तिकडूनच येतो. मुख्याध्यापक भला माणूस असला तरी त्याच्या हातात पत्रव्यवहाराशिवाय फारसं काही नसतं. हे लक्षात घेतलं नाही तर आपण उगीच चुकीच्या माणसाशी भांडत बसतो. पालकसभेत मी हे भांडण दर वेळी बघते.

प्रवेशाला अजिबात त्रास झाला नाही. त्रास झाला तो जुन्या शाळेकडून. शेवटच्या हप्त्याचे पैसे राहिले होते म्हणून त्यांनी दाखला अडवला. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी शांतपणे सांगितलं, "ताई, पोरीला उद्यापासून पाठवा, दाखला येईल तेव्हा येईल." शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ मध्ये हेच आहे: दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. दाखल्यापायी अडून बसलेल्या पालकांनी एवढं ध्यानात ठेवा. सरकारी ऑनलाइन नोंदीत मुलाचं नाव या शाळेवर चढायला मात्र जुन्या शाळेने ते सोडावं लागतं, आणि त्यासाठी तगादा लावावाच लागतो.

खर्चाचं म्हणाल तर आधी फी आणि व्हॅन मिळून वर्षाला तीस हजारांच्या वर जायचे. आठवीत खर्च जवळपास वह्यांपुरता. पुस्तकं शाळेतून, गणवेश शाळेतून, दुपारी पोषण आहार. पण ही सगळी गंमत आठवीपर्यंतच, हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं. नववीत गेल्याबरोबर पुस्तकं विकत, गणवेश विकत आणि जेवण बंद. एकाच आवारात आठवीची पोरं ताट घेऊन रांगेत बसतात आणि नववीची डबा उघडून त्यांच्याकडे बघत बसतात. ज्यांच्या घरी सकाळी सहालाच सगळे कापूस वेचायला जातात, त्यांच्या डब्यात काय असणार? मुलीच्या वर्गातल्या दोघीतिघी दुपारी काही खातच नाहीत, ते मला तिच्याकडूनच कळलं. स्वयंपाक करणाऱ्या मावशी उरलेली खिचडी नववी-दहावीच्या पोरांना गुपचूप वाढतात. नियमात ते बसत नाही. मला विचाराल तर त्या मावशीच या शाळेतल्या सगळ्यात शहाण्या.

आता शिकवण्याचं. गणिताच्या सरांबद्दल मी लिहीन तेवढं थोडं. मुलगी आली तेव्हा तिला पाढे येत होते, सूत्रं येत होती, पण शाब्दिक उदाहरण दिसलं की हात गळायचे. सर आधी उदाहरण मोठ्याने वाचायला लावतात, मग पुस्तक मिटायला सांगून "काय दिलंय, काय विचारलंय" हे स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतात. वहीवर आकडेमोड त्यानंतर. पहिला महिना तिने घरी येऊन कुरकुर केली, की हे सर फार हळू शिकवतात. आता भूमितीची सिद्धता ती न घोकता लिहिते, आणि एखादी पायरी का आली हे धाकट्या भावाला सांगूही शकते. वर्ग सेमी-इंग्रजी आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठी. आमच्या पोरीला हे सोयीचं पडलं, कारण इंग्रजी शब्द तिला आधीच माहीत होते आणि अर्थ पहिल्यांदाच कळत होता. मराठी शाळेतून आलेल्या मुलांचं मात्र बरोबर उलटं होतं. त्यांना सगळं कळतं आणि पेपरात लिहिता येत नाही.

विज्ञानाच्या मॅडम मनापासून शिकवतात, पण प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं कपाट. अमीटर आहेत, परीक्षानळ्या आहेत, सूक्ष्मदर्शकही आहे. पण सगळं डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या, रजिस्टरला चढलेलं, आणि एखादी काचेची वस्तू फुटली तर तिचा हिशोब कोण देणार? प्रयोगशाळा परिचराचं पद रिकामं. त्यामुळे धाराविद्युतचा धडा झाला, आकृत्या झाल्या, तार मात्र कुणी जोडली नाही. दहावीला विज्ञानाचे दोन पेपर चाळीस-चाळीसचे आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण. ते गुण मिळतातच, सगळ्यांना चांगले मिळतात, म्हणून पालकांपैकी कुणी कपाटाबद्दल विचारत नाही. पोरं विचारतात. लिटमस कागद प्रत्यक्ष लाल झालेला बघायचाय, एवढीच त्यांची मागणी.

इंग्रजीचं पद आम्ही आलो तेव्हाही रिकामं होतं आणि आजही आहे. मधले कितीतरी महिने इतिहासाचे सर तो तास घ्यायचे, म्हणजे पुस्तकातलं वाचून मराठीत अर्थ सांगायचे. माझ्या मुलीचं इंग्रजी बोलणं या काळात मागे गेलं, यात शंका नाही. जुन्या शाळेत तरी रोज कानावर पडायचं. तिकडे व्याकरण कच्चं होतं ही गोष्ट वेगळी, पण बोलायची भीड नव्हती. ज्यांना मुलांना पुढे शहरात धाडायचं आहे, त्यांनी हा तोटा धरूनच चालावं.

शिक्षक असूनही तास होत नाहीत, हे दुसरं दुखणं. निवडणूक, मतदारयादी, ऑनलाइन माहिती भरणं. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका एका वर्षात आल्या, तेव्हाचे हाल दहावीच्या पालकांना विचारा. त्यात बहुतेक शिक्षक अपडाऊन करतात. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहायचा नियम आहे, घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठरावही होतो, आणि राहणारं कुणी नाही हे सगळ्या ग्रामसभेला माहीत असतं. मला स्वतःला त्याचा फार राग येत नाही. गावात भाड्याने मिळेल अशी धड खोली नाही. शेवटचा तास मात्र पूर्ण व्हावा, एवढी अपेक्षा चूक आहे का?

पोरांना विचारलं तर त्यांची यादी वेगळीच निघते. आमच्या गल्लीतला दहावीचा मुलगा म्हणतो, "काकू, शाळा लई भारी आहे, फक्त गाडी नाही." शाळा साडेदहाची, एसटी एकतर नऊला येते नाहीतर अकरानंतर. नऊच्या गाडीने गेलेली पोरं दीड तास ओट्यावर बसतात, आणि अकराच्या गाडीवाल्यांचा पहिला तास रोज बुडतो. पहिला तास गणिताचा असतो. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, बारावीपर्यंत. मुलांना एक तृतीयांश भाडं भरावं लागतं. २०२४ पासून पास शाळेत आणून द्यायला लागले, त्यामुळे डेपोतली रांग वाचली. आता पासही आहे, पण वेळेवरची गाडी नाही. आमची मुलगी सायकलने जाते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की सुट्टी.

मैदान सगळ्या मुलांना आवडतं. कबड्डी, खोखो, लांब उडी, संध्याकाळी गावातली मोठी पोरंही येतात. इंग्रजी शाळेत मैदान म्हणजे व्हॅन उभ्या करायची जागा होती. आणि मारणं जवळजवळ बंद झालंय, हे आवर्जून सांगते, कारण आमच्या वेळचं झेडपीचं हायस्कूल आठवून अनेक जण अजून घाबरतात.

मुलींच्या तक्रारी ऐकायच्या तर सभेत नाही, घरी ऐका. स्वच्छतागृह आहे, दार आहे, कडीही आहे, टाकीत पाणी नाही. वीजबिल थकलं की मोटार बंद, मोटार बंद की टाकी रिकामी. मार्चनंतर तर बोअरलाच पाणी नसतं. पाळीच्या दिवसांत मुली घरी राहतात, आणि हजेरीपत्रकावर ती नुसती गैरहजेरी दिसते. दहावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, तेव्हा हा हिशोब कुणीतरी मांडायला हवा. शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे, तिचा फलक दर्शनी भागात आहे. बदलापूरला २०२४ मध्ये शाळेतच लहान मुलींवर अत्याचार झाला, त्यानंतर तक्रारपेटी आणि कॅमेरे यांचीही धावपळ झाली. पेटीत पाण्याबद्दलची चिठ्ठी मुलींनी टाकली. पंधरवड्यात टँकरने टाकी भरून मिळाली. एकदाच, पण मिळाली.

पालकांचं मत म्हणाल तर ते दोन तऱ्हेचं. पहिल्या तऱ्हेचे पालक सभेला येत नाहीत. सभा ठेवतातच ऐन वेचणीच्या दिवसांत, रोजगार बुडवून कोण येणार? दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्यांचं तर बोलायलाच नको. त्यांची पोरं आजी-आजोबांकडे राहतात, काही गाडीबरोबर फडावर जातात आणि मार्चमध्ये उन्हाने रापून परत येतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात, असा कायदा आहे. आमच्या समितीत महिला आहेत, सही करतात, बोलतात त्यांचे नवरे.

दुसऱ्या तऱ्हेचे पालक सभेला येतात आणि एकच प्रश्न विचारतात: दहावीचं केंद्र कुठलं पडतं? केंद्र "चांगलं" असेल तर शाळा चांगली. कॉपीमुक्त अभियान कडक झाल्यापासून या मंडळींचा शाळेवरचा विश्वास उडाला आहे. गणिताच्या सरांविरुद्ध सगळ्यात जास्त तक्रारी याच लोकांच्या, कारण ते घटक चाचणीतही कॉपी चालू देत नाहीत. मी शांत बसते, पण त्या तक्रारी मी सरांच्या बाजूच्या शिफारशी म्हणून मोजते.

एक मोठा फायदा फार पालकांना माहीत नाही. एनएमएमएस, म्हणजे आठवीत होणारी शिष्यवृत्ती परीक्षा, फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित इंग्रजी शाळेतलं मूल तिला बसूच शकत नाही. बुद्धिमत्ता आणि शालेय विषय असे ९० गुणांचे दोन पेपर. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला ५५ टक्के. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये. गणिताचे सर त्यासाठी शाळा सुटल्यावर तास घ्यायचे, पैसे न घेता. मुलीची निवड थोडक्यात हुकली, तिच्या मैत्रिणीची झाली. त्या घरात बारावीपर्यंत शिकवायचं की दहावीनंतर लग्न, यावर वाद चालू होता. आता वडील म्हणतात, "शिकू दे बारावीपर्यंत."

चित्रकलेचं मात्र नुकसान झालं. इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेत अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण वाढतात, ब ला ५, क ला ३. कलाशिक्षक नाहीत, त्यामुळे शाळेतून कुणी बसतच नाही.

इंग्रजीसाठी शेवटी दिवाळीनंतर गावाने लोकवर्गणी काढली. दर घरी शंभर रुपये, ज्यांना जमेल त्यांनी. त्यातून शेजारच्या वाडीतली इंग्रजीत एम.ए. झालेली मुलगी रोज दोन तास घेते. मानधन इतकं कमी आहे की लिहायला लाज वाटते. पण तिच्या तासाला मुलं उभं राहून पाच वाक्यं बोलतात, चुकली तरी बोलतात. वर्गणी उन्हाळ्यापर्यंत पुरेल. पुढच्या जूनला पुन्हा घरोघर फिरावं लागेल, आणि त्यावरून आत्ताच कुरबुर सुरू आहे, की सरकारच्या शाळेला आपण पैसे का द्यायचे. प्रश्न बरोबरच आहे. पण पद भरेपर्यंत दहावीची बॅच थांबणार नाही.

मुलीला दहावीला इथेच ठेवणार का, असं सगळे विचारतात. गणिताचे सर राहिले तर हो. त्यांच्या बदलीची चर्चा आहे, उन्हाळ्यात काय ते कळेल. तालुक्याच्या अनुदानित शाळेत मी आत्ताच विचारून ठेवलं आहे: दहावीत प्रवेश देतात, जागा असली तर.