करडं आरटीव्ही सिलिकॉन: ऑइल चेंबरला पास, सेन्सरला नापास

इंजिन ऑइल गळायला लागलं की गॅरेजमध्ये पहिला हात आरटीव्ही सिलिकॉनच्या, म्हणजे साध्या तापमानालाच घट्ट होणाऱ्या सिलिकॉनच्या ट्यूबकडे जातो. परमॅटेक्स अल्ट्रा ग्रे आणि लॉकटाइट ५६९९ हे त्यातले भरवशाचे प्रकार. दोन्ही सायलेन्सरच्या पाइपातल्या ऑक्सिजन सेन्सरला बाधत नाहीत. व्हिनेगरसारखा वास मारणारं बाथरूमचं सिलिकॉन मात्र इंजिनाला लावू नका, त्यातून सुटणारं आम्ल धातू खातं.

ट्यूब उघडण्याआधी तेल येतंय कुठून ते शोधा. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या कडेला थेंब लोंबत असला तरी उगम बऱ्याचदा वर टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाला असतो. इंजिन थंड असताना अल्टरनेटर झाकून डिग्रीझरने धुवा, वाळू द्या, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन १५-२० मिनिटं चालवा. पांढऱ्या पावडरीत ओली काळी रेघ जिथून सुरू होते, तीच जागा.

चेंबरला हे सिलिकॉन खरंच उत्तम. बऱ्याच इंजिनांत तिथे कंपनीतूनच गॅस्केट (जोडात बसणारी पट्टी) नसतं, फक्त सिलिकॉन असतं. जुना थर प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. अ‍ॅल्युमिनियमवर धातूची पत्री चालवली तर ओरखड्यातून पुन्हा गळणार. ब्रेक क्लीनरने पुसून ३ मिलिमीटरची अखंड रेघ ओढा आणि प्रत्येक बोल्टच्या भोकाला आतल्या बाजूने वळसा घाला. वर साय धरायच्या आत चेंबर बसवा. अल्ट्रा ग्रेच्या बाबतीत आधी बोल्ट हातानेच आवळायचे आणि तासाभराने पाव ते अर्धा फेरा द्यायचा. तेल २४ तासांनीच भरा. हे हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतं, त्यामुळे कोकणातल्या जुलैत पटकन धरतं, विदर्भातल्या मे महिन्यात रेंगाळतं.

रेघ जाड ओढायचा मोह होतो, आणि घोळ तिथेच होतो. बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळलेलं असतं. ते तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, मग प्रेशरचा लाल दिवा लागतो आणि शंभर-दोनशेच्या गळतीपायी इंजिन खोलावं लागतं.

टॅपेट कव्हरला नापास. तिथलं रबरी गॅस्केट खाचेत कोरडंच बसायला हवं. सिलिकॉनने ते बोल्ट आवळताना सरकतं. कॅमशाफ्टच्या टोकाच्या कॅपचा कोपरा किंवा टायमिंग कव्हरचा जोड, एवढ्याच जागी ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका. एम ६ बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटर, मधून बाहेर आवळत जा. नवं गॅस्केट महिन्यात परत ओलं झालं तर पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारी झडप, काढून हलवा. खडखड वाजला नाही तर तो चिकटलाय, आणि क्रँककेसमधला, म्हणजे त्याच पोटातला दाब वाट शोधणारच.

सेन्सरला तर लावूच नका. कॅम सेन्सरची ओ-रिंग उष्णतेने चपटी आणि कडक होते. त्याच मापाची व्हिटॉनची (तेल आणि उष्णता सोसणाऱ्या रबराची) ओ-रिंग घ्या, तेलाचं बोट फिरवून बसवा, काम झालं. एका वायरच्या ऑइल प्रेशर स्विचला अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळतं, त्यावर टेफ्लॉन टेप किंवा सिलिकॉन थापलं तर दिवा खोटं बोलू शकतो. स्विचवरचा वायरचा प्लग काढून आत बघा: पिनांशी तेल असेल तर आतला पडदा फाटलाय. बाहेरून काहीही फासा, स्विच बदलावाच लागेल.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं गॅस्केट, यात धरूच नका. तेल दुधाळ झालंय, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत, तर कुठलीही ट्यूब कामाची नाही.

उरलेल्या ट्यूबचं टोक पुसू नका. बोटभर सिलिकॉन बाहेर येऊ द्या. त्याचाच बूच होतो, आणि पुढच्या वेळी स्क्रू रुतवून ओढला की निघतो.