स्कॉटलंडचा हिमस्खलन-अंदाज: रत्नागिरीत बसून वाचण्याजोगी सेवा

स्कॉटलंडच्या हिवाळी चढाईचा बेत असेल तर बुटाखाली बांधायचे काटेरी क्रॅम्पॉन नंतर घ्या (आपल्या खाऱ्या हवेत ते तसेही लवकर गंजतात), आधी ‘स्कॉटिश ॲव्हलांच इन्फर्मेशन सर्व्हिस’चा अंदाज वाचायला शिका. सेवा फुकट आहे. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत लोकाबर, ग्लेन को, क्रेग मेगी, टॉरिडन, उत्तर आणि दक्षिण केर्नगॉर्म्स या सहा भागांसाठी दुसऱ्या दिवसाचा अंदाज रोज संध्याकाळी येतो. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, जेवणं आटोपून निवांत वाचता येतो.

बहुतेक जण एक ते पाचमधला धोक्याचा आकडा बघून पान बंद करतात. खरा माल त्याखालच्या चक्रात आहे. कोणत्या दिशेला तोंड असलेल्या उतारावर, किती उंचीच्या वर धोका आहे, ते त्यात रंगांनी दाखवलेलं असतं. कोकणी डोकं फसतं ते इथेच. नैऋत्येचा वारा तिथेही नेहमीचाच. आपल्याकडे तो घाटाच्या समोरच्या अंगावर पाऊस ओततो आणि पलीकडे देश कोरडा राहतो. बर्फाचं उलट आहे. वारा समोरचा उतार खरवडतो आणि तो भुगा पलीकडच्या आडोशाला, म्हणजे ईशान्य आणि पूर्वेकडच्या उतारांवर नेऊन थापतो. हा थर खालच्या थराला नीट धरलेला नसतो, आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही अख्खी लादी सुटू शकते. आकाश निरभ्र असलं, नवीन बर्फ पडलेला नसला, तरी पठारावर सुटा बर्फ आणि वर वारा असेल तर धोका वाढतोच. बेन नेव्हिसच्या (१३४५ मीटर) घळींमध्ये म्हणूनच कित्येकदा मुख्य चढाईपेक्षा पायथ्याचा उतार आणि माथ्यावरचा कॉर्निस (कड्याच्या काठाबाहेर झुकलेला बर्फाचा छज्जा) जास्त घातक ठरतो. आणि पातळी तीन म्हणजे ‘मधली, चालेल’ असं समजू नका. तीनला माणसाच्या वजनाने हिमस्खलन होण्याची शक्यता बरीच असते.

समुद्र जवळ असल्यामुळे तिथलं तापमान एकाच दिवसात शून्याच्या वर-खाली होतं. बर्फावर पाऊस पडला की आधी धोका वाढतो, कॉर्निस कोसळतात. मग पुन्हा गोठलं की तोच बर्फ ‘नेव्हे’, म्हणजे घट्ट, कडक बर्फ होतो आणि आइस ॲक्स त्यात पक्की बसते. त्यामुळे एका दिवसाचा अंदाज पुरत नाही. निघण्याआधी दोन आठवडे एकाच भागाचा अहवाल रोज वाचा, कालचा अंदाज आज प्रत्यक्ष नोंदवलेल्या धोक्याशी ताडून पाहा. कॅलेंडरवर तर मुळीच विसंबू नका. ब्रेरीआख डोंगरावरचा ‘स्फिंक्स’ हा उन्हाळ्यातही टिकणारा बर्फाचा पट्टा विसाव्या शतकात १९३३, १९५९ आणि १९९६ मध्येच पूर्ण वितळल्याची नोंद आहे. पुढे २००३, २००६, २०१७, २०१८ मध्ये आणि २०२१ ते २०२४ दरवर्षी तो नाहीसा झाला.

उणिवा दोन. ॲरन बेट, बेन लोमंड असे भाग यात येत नाहीत. दुसरी मोठी: धोका कमी म्हणजे मार्ग चढण्यालायक, असं हा अहवाल सांगत नाही. गोठण्याआधीच मातीवर जाड बर्फ पडला तर थंडी आत पोचत नाही, चढताना ॲक्स रोवायचे गवताचे गड्डे मऊच राहतात. त्यांत ॲक्स टिकत नाही, गड्डा उपटून येतो आणि पुढच्यांसाठी मार्ग कायमचा खराब होतो. याचा अंदाज निरीक्षकांच्या रोजच्या फोटोंवरून थोडाफार बांधता येतो.

डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असं धरू नका. आदल्या रात्री चक्राचा स्क्रीनशॉट काढा आणि नकाशावर त्या दिशांचे उतार पेन्सिलीने रंगवून ठेवा, उतरायच्या वाटेचेसुद्धा.