लुथरन सेमिनरीचा एम.डिव्ह.: घ्यावा, पण तिसरं वर्ष मधेच ठेवून

अमेरिकेतल्या लुथरन मंडळ्यांत पाळक व्हायचं तर मास्टर ऑफ डिव्हिनिटी, म्हणजे एम.डिव्ह., हा सरळ रस्ता. रूढ आराखडा चार वर्षांचा: दोन वर्षं वर्गात, तिसरं एखाद्या मंडळीत, चौथं पुन्हा वर्गात. मिसूरी सिनॉड या पुराणमतवादी लुथरन चर्चच्या सेंट लुइस आणि फोर्ट वेन इथल्या सेमिनऱ्यांत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयांत, या तिसऱ्या वर्षाला व्हिकरेज म्हणतात. इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका, अर्थात ई.एल.सी.ए., त्याला इंटर्नशिप म्हणते आणि तिथे काही जण ते अगदी शेवटाला ठेवतात. सोयीचं असलं तरी शेवटाला ठेवणं तोट्याचं आहे. का, ते पुढे येईलच.

प्रवेशाआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी: दीक्षा कोणत्या चर्चमध्ये घ्यायची आहे? मिसूरी सिनॉड स्त्रियांना पाळकीय दीक्षा देत नाही, ई.एल.सी.ए. ज्या चर्चमधून घडली त्यांतल्या दोन मोठ्या चर्चनी ती १९७० पासून दिली. सेमिनरी आधी आणि चर्च मागून निवडणाऱ्यांची पुढे फार ओढाताण होते.

अभ्यासाची सुरुवात बायबलच्या मूळ भाषांपासून होते: आधी ग्रीक, मग हिब्रू. पहिल्या वर्षी बहुतेकांचा जीव इथेच मेटाकुटीला येतो. खरा धोका मात्र नापास होण्यात नाही, पास होऊन विसरण्यात आहे. सॉफ्टवेअरमध्ये शब्दावर टिचकी मारली की क्रियापदाचं रूप आपोआप समोर येतं, त्यामुळे निबंध लिहून होतात आणि भाषा अंगी लागतच नाही. उपाय साधा आहे: येत्या रविवारचा शुभवर्तमानाचा उतारा सोमवारी ग्रीकमधून, हाताशी फक्त शब्दकोश ठेवून वाचायचा. दहा ओव्यांना, म्हणजे बायबलच्या वचनांना, तासाभरापेक्षा जास्त लागत असेल तर घसरण सुरू झाली आहे असं समजावं.

ही मेहनत कशाला, याचं एक चांगलं उदाहरण मार्काच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात आहे. ओव्या ९ ते २० सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही जुन्या हस्तलिखितांत नाहीत. नेस्ले-आलांड या ग्रीक नव्या कराराच्या अभ्यासकी आवृत्तीत त्या दुहेरी चौकटी कंसांत, म्हणजे मूळच्या नव्हेत अशा खुणेनं, छापल्या आहेत. पण ल्यूथरच्या लघु प्रश्नोत्तरीत, म्हणजे श्रद्धा शिकवणाऱ्या छोट्या पुस्तिकेत, बाप्तिस्म्याच्या भागात यातलीच सोळावी ओवी आधाराला घेतली आहे. मग पाळकानं ती शिकवायची की नाही, आणि शिकवायची तर कोणत्या आधारावर? चांगला प्राध्यापक हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे टाकतो आणि उत्तर सांगायची घाई करत नाही. पाठभेद आणि मतांगीकार (चर्चची श्रद्धा मांडणारे अधिकृत लेख) हे दोन विषय एकाच टेबलावर येतात, ते अशा वेळी.

मतांगीकार हा या सेमिनऱ्यांचा कणा. १५८० च्या 'बुक ऑफ कॉन्कॉर्ड'मध्ये तीन प्राचीन मतांगीकार, १५३० चा ऑग्सबर्ग मतांगीकार आणि त्याचं समर्थन, ल्यूथरच्या १५२९ च्या दोन प्रश्नोत्तऱ्या, श्मालकाल्डचे लेख, पोपच्या सत्तेवरचा प्रबंध आणि १५७७ चं 'फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड' एवढं सगळं आहे. पहिल्या पानापासून सलग वाचायला घेतलं की माणूस मधेच अडकतो. त्यापेक्षा आधी लघु प्रश्नोत्तरी, मग ऑग्सबर्गची अठ्ठावीस कलमं, मग समर्थनातलं नीतिमान ठरण्यावरचं चौथं कलम, असा क्रम धरावा. फॉर्म्युला शेवटी. १५४६ मध्ये ल्यूथर गेल्यावर त्याच्याच अनुयायांत जे वाद माजले ते मिटवण्यासाठी ते लिहिलं गेलं. वाद ठाऊक नसताना वाचलं तर ते शुष्क वाटणारच.

उपदेशाच्या वर्गाचा पाया नियमशास्त्र आणि सुवार्ता, म्हणजे देव काय मागतो आणि ख्रिस्तात काय देतो, यांतला भेद. मिसूरी सिनॉडचा धर्मपंडित वाल्थर यानं १८८४-८५ मध्ये शुक्रवारच्या संध्याकाळी सेंट लुइसच्या विद्यार्थ्यांपुढे यावर पंचवीस सूत्रं मांडली, ती आजही अभ्यासाला असतात. सूत्रं पाठ होतात, उपदेशात मात्र तोल जातो. नेहमीची चूक म्हणजे ख्रिस्तानं काय केलं ते सुरेख सांगायचं आणि शेवटची पाच मिनिटं 'म्हणून आपण आता हे करू या' यावर घालवायची. ऐकणारा घरी नेतो ती शेवटची यादी. छापील उपदेशातली क्रियापदं अधोरेखित करून प्रत्येकाचा कर्ता शोधला की दोष लगेच उघडा पडतो: पहिल्या पानावर कर्ता देव असतो, शेवटच्या पानावर 'आपण'. ही तपासणी मार्कांसाठी नव्हे, सवय म्हणून करावी.

ई.एल.सी.ए.च्या उमेदवारांना सी.पी.ई., म्हणजे बहुधा रुग्णालयातलं पाळकीय प्रशिक्षणही करावं लागतं. एक युनिट किमान चारशे तासांचं असतं; त्यात किमान शंभर तास मार्गदर्शनाचे. रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून शब्दशः लिहायचं, ओळख पटेल असं सगळं काढून टाकायचं आणि गटापुढे ठेवायचं. रुग्ण म्हणतो, 'रात्री भीती वाटते', आणि विद्यार्थ्याची पुढची ओळ असते, 'आपण प्रार्थना करू या का?' कागदावर हे वाचताना त्यालाच कळतं, की प्रार्थना रुग्णासाठी नव्हती, स्वतःच्या सुटकेसाठी होती. या अभ्यासक्रमात इतकं बोचणारं आणि इतकं उपयोगी दुसरं काही नाही.

आता ते तिसरं वर्ष. व्हिकर, म्हणजे व्हिकरेजवरचा विद्यार्थी, उपदेश करतो, शिकवतो, आजाऱ्यांना भेटतो, मंडळीच्या सभांना बसतो. पण त्याला दीक्षा मिळालेली नसते. रीतसर पाचारणाशिवाय, म्हणजे चर्चच्या अधिकृत बोलावण्याशिवाय, कोणी जाहीरपणे शिकवू नये वा संस्कार देऊ नयेत, हे ऑग्सबर्गचं चौदावं कलम. म्हणून प्रभुभोजन चालवायला पाळकच लागतो. वर्ष फुकट जातं ते बहुधा देखरेख करणाऱ्या पाळकामुळे: त्याला हाताखाली माणूस हवा असतो, शिष्य नको. आठवड्याची एक ठरलेली बैठक आणि उपदेशाचं हस्तलिखित आधी वाचून घेणं, या दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकाव्यात. व्हिकरेज मधे असलं की अंत्यविधी, घटस्फोट, रागावलेले वडीलधारे हे सगळे प्रश्न घेऊन विद्यार्थी चौथ्या वर्षी वर्गात परततो आणि तेच प्राध्यापक त्याला नव्यानं ऐकू येतात. शेवटी असलं तर प्रश्न घेऊन परतायला वर्गच उरत नाही.

उणिवा आहेतच. हिशेब, इमारतीची देखभाल आणि सभेतलं भांडण कसं हाताळावं, यावर वर्गात फार थोडा वेळ जातो.

शेवटच्या टप्प्यातही दोन वाटा वेगळ्या आहेत. ई.एल.सी.ए.मध्ये उमेदवारी समिती प्रवेश, अनुमोदन आणि मान्यता असे तीन निर्णय घेते. मग उमेदवाराची नेमणूक एखाद्या प्रदेशात आणि सिनॉडमध्ये (इथे सिनॉड म्हणजे चर्चचा स्थानिक विभाग) होते, आणि तिथली मंडळी मुलाखत घेऊन, मतदान करून पाचारण देते. मिसूरी सिनॉडमध्ये पहिली नेमणूक चर्चच्या जिल्ह्यांच्या अध्यक्षांची परिषद ठरवते. जोडीदाराची नोकरी, मुलाचा उपचार अशा अडचणी असतील तर त्या अर्ज भरतानाच लेखी द्याव्यात. नाव जाहीर झाल्यावर सांगितलेल्या अडचणीला फारसं वजन उरत नाही.