पायसाइड६ मधलं ड्रॅग-अँड-ड्रॉप: सहा-सात महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

आमच्या ऑफिसात पीडीएफ जोडायचं एक छोटं डेस्कटॉप ॲप आहे, मीच पायथनमध्ये लिहिलेलं. सातबारा, खरेदीखत, आधार, पावत्या असे स्कॅन क्रमाने लावून एक फाइल करायची, एवढंच त्याचं काम. आधी ते टीकेइंटरवर, म्हणजे पायथनसोबतच येणाऱ्या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनावर होतं. दिवाळीनंतर पायसाइड६ वर, म्हणजे क्यूटी या तशाच पण मोठ्या साधनाच्या पायथन रूपावर नेलं, आणि त्याचं मुख्य कारण एकच: फोल्डरमधून फाइली ओढून थेट खिडकीत टाकता याव्यात.

टीकेइंटरमध्ये बाहेरून फाइल ओढून घ्यायची सोय मुळात नाही. त्यासाठी टीकेइंटरडीएनडी२ नावाचं वेगळं पॅकेज लागतं. ते वाईट नाही, पण टाकलेल्या सगळ्या फाइलींचे पाथ (डिस्कवरचे पत्ते) एकाच लांबलचक स्ट्रिंगमध्ये, म्हणजे सलग मजकुरात देतं आणि नावात स्पेस असेल तर त्या पाथभोवती महिरपी कंस घालतं. टीकेचं स्वतःचं स्प्लिटलिस्ट वापरलं तर यादी नीट सुटते. पायथनचं साधं स्प्लिट वापरलं तर ‘मोरे खरेदीखत’चे दोन तुकडे होतात. घरगुती ॲप असेल तर तेवढ्यावर भागतं, क्यूटीकडे जायची गरज नाही.

क्यूटीत मूळ काम दहा-पंधरा ओळींचं आहे. विजेटवर, म्हणजे खिडकीतल्या ज्या भागावर फाइली टाकायच्या त्यावर, सेटॲक्सेप्टड्रॉप्स चालू करायचं, ड्रॅगएंटरइव्हेंटमध्ये ‘हो, घेतो’ म्हणायचं आणि ड्रॉपइव्हेंटमध्ये फाइली उचलायच्या. मधल्या पायरीवर होकार दिला नाही तर ड्रॉपइव्हेंट येतच नाही, आणि एरर वगैरे काही दिसत नाही. फाइली यूआरएलच्या रूपात येतात, त्यांतून पाथ टूलोकलफाइलनेच काढावा. यूआरएलचा नुसता पाथ घेतला तर विंडोजवर ‘सी:’च्या आधी एक तिरकी रेघ चिकटून येते.

खरी करामत पुढे आहे. एक्सप्लोररमध्ये दहा फाइली निवडून ओढल्या की ज्या फाइलीवर माऊस ठेवून ओढलं ती यादीत पहिली येते. म्हणजे पाचव्या पानाला धरून ओढलंत तर दस्ताची सुरुवात पाचव्या पानाने. ओढणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. त्याला फोल्डरमध्ये १, २, ३ असंच दिसत असतं. म्हणून टाकल्या टाकल्या यादी स्वतः लावून घ्यावी लागते. तिथेही पायथनचं साधं सॉर्ट उपयोगाचं नाही, कारण ते १ नंतर १० आणि मग २ लावतं. नावातले आकडे वेगळे काढून संख्या म्हणून तुलना करावी लागते. आमच्याकडे काही जण ‘पान १०’ अशी मराठी आकड्यांत नावं देतात, पण ती अडचण आलीच नाही. पायथनचं रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधायची सोय) मराठी आकडे ओळखतं आणि इंट हे फंक्शन त्यांची सरळ संख्या करतं. एवढं करूनही यादीत वर-खाली सरकवायची सोय ठेवलीच आहे, कारण सातबारा पुढे की खरेदीखत, हे कुठलंही सॉर्ट ठरवू शकत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. विंडोजवर ड्रॉपइव्हेंट संपेपर्यंत ज्या प्रोग्राममधून फाइल ओढली तो वाट पाहत थांबतो. त्यातच पीडीएफ उघडणं, पानं मोजणं असं जड काम सुरू केलं की फोल्डरची खिडकीही अडकते आणि लोक समजतात की अख्खा कॉम्प्युटरच हँग झाला. ड्रॉपइव्हेंटमध्ये फक्त पाथ टिपून घ्यायचे आणि लगेच बाहेर पडायचं. बाकीचं दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे मागे समांतर चालणाऱ्या कामात. ‘कॉपी’ की ‘मूव्ह’ हेही तिथेच स्पष्ट सांगावं. शिफ्ट दाबून ओढलं तर मागणी मूव्हची येते, आणि त्याला मान डोलावली तर मूळ फाइल काढून टाकायची मुभा जिथून ओढलं त्या प्रोग्रामला मिळते. लोकांच्या मूळ दस्तांशी असा खेळ नको, म्हणून मी प्रत्येक वेळी सेटड्रॉपॲक्शनने कॉपीच ठरवतो.

ॲप ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलं असेल तर साध्या एक्सप्लोररमधून काहीच टाकता येत नाही, नुसतं मनाईचं चिन्ह दिसतं. ती विस्टापासूनची सुरक्षेची भिंत आहे, कोड कितीही तपासला तरी त्यात काही सापडणार नाही.

मेलमधली अटॅचमेंट सरळ ओढणं हे मात्र अर्धवटच राहिलंय. काही मेल प्रोग्राम डिस्कवरच्या फाइलीचा पाथ देतच नाहीत, कारण अशी फाइल अजून डिस्कवर नसतेच. ते नाव आणि मजकूर वेगळ्या फॉरमॅटमध्ये देतात, आणि टाकलेल्यात फाइलींचे यूआरएल आहेत का हे सांगणारं हॅजयूआरएल्स तिथे नकारच देतं. तो फॉरमॅट हाताळायचा खटाटोप मी केला नाही. अशा वेळी खिडकीत ‘आधी सेव्ह करा, मग टाका’ एवढी ओळ येते. मुकाट्याने काहीच न होण्यापेक्षा ते बरं.

‘फाइल निवडा’चं बटण मी काढलेलं नाही, आणि कुणी काढूही नये. टचपॅडवर दहा फाइली धरून ओढणं सगळ्यांना जमत नाही. शिवाय एक्सप्लोररमध्ये कॉपी केलेल्या फाइली क्लिपबोर्डवरूनही त्याच क्यूमाइमडेटात (ड्रॉपमध्येही फाइली ज्यात येतात त्या क्यूटीच्या पाकिटात) येतात, त्यामुळे कंट्रोल-व्हीसाठी वेगळं फारसं काही लिहावंच लागलं नाही, ड्रॉपचंच फंक्शन पुन्हा वापरलं. गंमत म्हणजे आमच्या ऑफिसात आता ओढण्यापेक्षा कंट्रोल-व्हीच जास्त चालतं.